इंदुरी जिभेनं चाखलेलं दा नांग

रात्री साडेनऊनंतर जेवायला बाहेर पडायची सवय असेल तर व्हिएतनामच्या दा नांग शहरात तुमचे हाल होतील. हे शहर पहाटे पाचला समुद्रात उतरलेलं असतं, सहा-साडेसहाला फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलांवर बसून गरम वाडगा संपवत असतं आणि रात्री दहाला शटर ओढून मोकळं होतं. आपल्या इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, तवे तापायला लागतात त्या वेळी तिथल्या बहुतेक गल्ल्या धुवून झालेल्या असतात. व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. घड्याळ पुढे कराल तेव्हा भूकही पुढे करा, नाहीतर रात्री हॉटेलच्या खोलीत सोबत नेलेली शेव खात बसाल.

मी तिथे योग शिकवते. व्हिएतनाममध्ये योगवर्ग गल्लोगल्ली आहेत आणि शिकवणाऱ्यांत भारतीयांचा भरणा मोठा. उत्तराखंडकडची मुलंमुली जास्त, मराठी कमी, आणि इंदुरी मराठी तर माझ्याशिवाय अजून कोणी मला भेटलेलं नाही. सुट्टीत इंदूरला राजेंद्रनगरच्या घरी आले की हल्ली प्रत्येक ओळखीचं घर ‘आम्हीपण निघालोय व्हिएतनामला’ म्हणतं, आणि पुढचा प्रश्न ठरलेला: ‘पण खायचं काय गं तिथे? सगळे किडे-मकोडेच ना?’ सांगून सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतेय. मी शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. माझा भाऊ समोर येईल ते खातो. मावशी चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करते. आम्ही तिघंही तिथे पोटभर जेवलो आहोत, एवढं आधीच सांगून ठेवते.

शहर समजायला सोपं आहे. मधून हान नदी वाहते. पश्चिमेला जुनं शहर: बाजार, कचेऱ्या, शाळा, दोन मोठ्या मंडया. पूर्वेला नदी आणि समुद्र यांच्यामधली पट्टी, तिथे ‘मी खे’ नावाचा लांबच लांब किनारा आणि हॉटेलांच्या रांगा. विमानतळ अगदी शहरात आहे, टॅक्सीत बसून नीट टेकताय तोवर हॉटेल येतं. इंदूरहून थेट विमान नाही. दिल्ली, मुंबई किंवा अहमदाबाद गाठावं लागतं. ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावर 25 डॉलरमध्ये होतो आणि 90 दिवसांपर्यंत मिळतो, त्यासाठी एजंटाला पैसे मोजू नका. आणखी एक: 1 जुलै 2025 पासून शेजारचा क्वांग नाम प्रांत दा नांगमध्ये विलीन झालाय. होई आन हे जुनं गाव आणि ‘मी सोन’ ही जुन्या देवळांची जागा, ही दोन्ही आता कागदोपत्री दा नांग शहरातच आहेत. जुन्या माहितीत ती वेगळ्या प्रांतात दिसली तर गोंधळू नका.

राहण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पॅकेजवाले तुम्हाला ‘मी खे’च्या समोरच्या वीस-पंचवीस मजली हॉटेलात टाकतात. खिडकीतून समुद्र दिसतो, खोली चकचकीत असते, न्याहारीला अडीचशे माणसं एका टोस्टरभोवती उभी असतात. तीन रात्रींसाठी ठीक आहे. आठवडाभर राहायचं असेल तर त्याच्या मागच्या आन थुओंगच्या गल्ल्यांत छोटं हॉटेल किंवा सर्व्हिस अपार्टमेंट बघा. समुद्र पाच मिनिटं चालत, भाव कमी, आणि खाली उतरलं की कॉफीची टपरी. आन थुओंगमध्ये परदेशी लोक जास्त राहतात, त्यामुळे इंग्रजी चालून जातं. त्याचा तोटाही आहे: तिथे संध्याकाळी व्हिएतनामी बोलणं कमी आणि रशियन-कोरियन जास्त ऐकू येतं. मी स्वतः नदीपलीकडे, जुन्या शहरात, हाय चाउ भागात राहते. समुद्र लांब, पण सकाळी दारात भाजीवाली येते, आणि अशी एक सोय असल्याशिवाय मला घर घरासारखं वाटत नाही.

महिन्याभरासाठी जाणाऱ्यांनी, म्हणजे लॅपटॉपवर काम करणाऱ्या पोरांनी, चार गोष्टी बघाव्यात. एक खोली, छोटा ओटा, एसी असं अपार्टमेंट महिन्याला साधारण 70 लाख ते 1 कोटी दोंगांत मिळतं. आकडा ऐकून घाबरू नका. दोंगचे शेवटचे दोन शून्य खोडा आणि उरलेल्याला तीननं भागा, रुपये हातात येतात. म्हणजे तेवीस ते तेहतीस हजार. वीज वेगळी, आणि घरमालक युनिटचा दर स्वतः सांगतो, तो आधी विचारून घ्या, कारण उन्हाळ्यात एसीशिवाय झोप नाही. पासपोर्टची नोंद पोलिसांत करणं मालकाचं काम आहे, त्यानं ती केली का हे विचारायला लाजू नका. शेजारी मोकळा प्लॉट असेल तर ते घर घेऊ नका, कारण दा नांगमध्ये मोकळा प्लॉट फार दिवस मोकळा राहत नाही आणि खोदकाम सकाळी सातला सुरू होतं. आणि संध्याकाळी गल्लीत एक चक्कर मारून या: कोणाच्या ओट्यावर चाकांचा मोठा स्पीकर दिसला, तर ते कराओकेवालं घर. व्हिएतनामी माणूस स्वभावानं अतिशय सौम्य, पण हातात माइक आला की त्याला कोणी आवरू शकत नाही. माझ्या एका घरमालकानं निघताना डिपॉझिटमधून भिंतीच्या बुरशीचे पैसे कापले होते. समुद्राकाठच्या शहरात पावसाळ्यात भिंतीला बुरशी येणारच, ती काही मी लावत नाही. तेव्हापासून खोली घेतानाच प्रत्येक भिंतीचे फोटो मालकाला पाठवून ठेवते.

आता खाणं. शाकाहारी माणसाला तिथे एक शब्द पुरतो: चाय. उच्चार हिंदीतल्या ‘चाय’सारखाच, अर्थ शाकाहारी. पाटीवर ‘कोम चाय’ किंवा ‘क्वान चाय’ लिहिलेलं दिसलं की डोळे मिटून आत जा. ही दुकानं बौद्ध शाकाहाराची आहेत, आणि त्यांतली कडक पाळणारी कांदा-लसूणही घालत नाहीत. चातुर्मासातल्या मावशीला इंदूरच्या लग्नांत जे पथ्य सांभाळता येत नाही, ते दा नांगच्या साध्या खाणावळीत आपोआप सांभाळलं गेलं. काचेच्या कपाटात दहा-पंधरा भाज्या मांडलेल्या असतात: टोफूचे प्रकार, मश्रूम, फणसाची भाजी, भोपळा, केळफूल, शेवग्यासारखा पाला. बोट दाखवायचं, भातावर पडतं, सोबत पाण्यासारखं पातळ सूप. 30-40 हजार दोंग, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये. चव सौम्य असते, हे मान्य. मी पर्समध्ये जीरावनची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची, डबी ठेवते. तिथल्या एका खाणावळीची मालकीणबाई आता मी दिसले की स्वतःच्या भातासाठी हात पुढे करते.

मोठा पेच नकली मांसाचा. चाय दुकानांत टोफू, मश्रूम आणि कोंजॅक नावाच्या कंदाच्या पिठाचे असे हुबेहूब मासे-कोळंबी बनवतात की मावशीनं शेपटीसकट कोळंबी ताटात बघून ताट सरकवून दिलं. तिला समजावायला मला मालकाकडून पिठाचं पाकीट आणून दाखवावं लागलं. ज्यांना नुसतं दिसणंही नकोसं वाटतं, त्यांनी कपाटातून भाज्या निवडून घ्याव्यात.

आणि एक युक्ती पंचांगाची. तिथेही चांद्रमास चालतो, आणि महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला पुष्कळ लोक मांसाहार सोडतात. त्या दिवशी एरवी मांसाचा रस्सा विकणाऱ्या बायकाही चायची पाटी लावतात आणि मंडईत शाकाहारी गाड्यांची गर्दी होते. घरून निघताना कालनिर्णयात पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपासचे दिवस बघून ठेवा. तुमचा मुक्काम त्यात पडला तर तुमच्यासाठी निम्मी मंडई उघडी.

चायची पाटी नसलेल्या दुकानात मात्र भाजी दिसली म्हणून फसू नका. नुक माम, म्हणजे माशांचं आंबवलेलं पाणी, तिथे मीठ पडावं तितक्या सहज पडतं. परतलेल्या पालेभाजीतसुद्धा. ‘खोंग नुक माम’ म्हणजे नुक माम नको, हे पाठ करून जा, पण त्यावर पूर्ण विसंबू नका, कारण समोरची बाई मान डोलावते, नुक माम घालत नाही आणि कालवांचा सॉस घालते. तिच्या हिशेबी तुमचं म्हणणं तिनं पाळलेलं असतं.

या भागाचा खास पदार्थ ‘मी क्वांग’. हळदीनं पिवळ्या झालेल्या तांदळाच्या रुंद पट्ट्या, तळाशी जेमतेम भिजेल इतकाच रस्सा, वर शेंगदाणे, केळफुलाच्या चकत्या, हातानं तोडलेला मूठभर पाला, आणि सगळ्यात शेवटी तिळाचा भाजलेला मोठा पापड चुरून टाकायचा. पापड आधी टाकून मऊ पडला की मजा गेली. पोह्यावर शेव कधी घालायची हे ज्याला कळतं, त्याला ‘मी क्वांग’ शिकवावं लागत नाही. मूळ पदार्थात कोंबडी, डुक्कर किंवा कोळंबी असते. चाय दुकानांत टोफू-मश्रूमचा मिळतो, आणि सकाळी सातच्या आत गेलात तर पट्ट्या ताज्या असतात. भाऊ म्हणतो, बेडकाचा मी क्वांग सगळ्यात चांगला. मी त्याच्या टेबलावर बसले नव्हते.

बान्ह सेओ म्हणजे तांदळाच्या पिठाचं कुरकुरीत धिरडं, आत मोड आलेले मूग. तेही चाय प्रकारात मिळतं. ते नुसतं खायचं नसतं: तांदळाच्या पातळ कागदात धिरड्याचा तुकडा, पाला, काकडी, कच्चं केळं गुंडाळून शेंगदाण्याच्या दाट चटणीत बुडवायचं. हात माखतात, आणि तसे माखू द्यायचे. पावाच्या बान्ह मीबद्दल बाहेर फार कौतुक आहे, मला ते तितकंसं नाही. शाकाहारी बान्ह मी बरा असतो, पंचवीस हजार दोंगांत पोट भरतं, आणि होई आनच्या प्रसिद्ध दुकानांसमोरच्या रांगेत तासभर उभं राहण्याइतकं त्यात काही नाही. इंदूरच्या छप्पन दुकानांवर वाढलेल्या माणसानं रांगेचं अप्रूप कशाला ठेवायचं?

उपासकरी मंडळींना मात्र हे शहर माहेरी आल्यासारखं वागवतं. रस्त्यावर उकडलेले रताळे, उकडलेल्या शेंगा, कसावा, भाजलेलं मक्याचं कणीस (हे उपासाला नाही, आपलं असंच सांगितलं), शहाळी, आंबा, ड्रॅगनफ्रूट, पेरू. नारळाच्या दुधातली चे नावाची गोड वाटी मिळते, तिच्यात बऱ्याचदा साबुदाणाच असतो. मुगाची असेल तर ती टाळा. मावशीची आषाढी एकादशी तिथे इतकी थाटात पार पडली की तिनं घरी फोन करून कैफियत मांडली, ‘अगं, उपास केल्यासारखं वाटतच नाही.’ दही मात्र जपून घ्या, डेअरीच्या कपातलं बहुतेक दही गोड असतं. सुपरमार्केटात बिनसाखरेचं मिळतं, ते शोधून घ्या. दूध प्यायची तिथे आपल्यासारखी सवय नाही, आणि आल्याचा उकळलेला चहा तर विसराच.

त्याऐवजी कॉफी. ब्राझीलनंतर जगात सगळ्यात जास्त कॉफी व्हिएतनाम पिकवतं, बहुतेक रोबस्टा, कडक आणि काळीकुट्ट. ॲल्युमिनियमच्या फिल्टरमधून थेंब थेंब पडते, खाली कंडेन्स्ड मिल्क, वर बर्फ. गल्लीतल्या टपरीवर 15-20 हजार दोंग. सोबत बर्फ घातलेला फिका चहा फुकट येतो आणि पेला रिकामा झाला की पुन्हा भरला जातो. एका कॉफीवर तुम्ही दोन तास बसलात तरी कोणी भुवई वर करत नाही. ज्यांना काळी झेपत नाही त्यांनी बाक सिउ मागावी, दूध जास्त, कॉफी कमी. मिठाची कॉफी मूळची ह्वे शहराची. वरच्या सायीत मीठ असतं. ऐकायला विचित्र, प्यायला फार छान. दुपारनंतर पिऊ नका, पहाटेपर्यंत छत बघत पडाल.

भारतीय हॉटेलं पुष्कळ झालीत, विशेषतः समुद्राच्या बाजूला, आणि पर्यटकांच्या बसेस तिथेच थांबतात. पनीर, दाल मखनी, नान, रात्री उशिरापर्यंत उघडी. मुलं रडायला लागली किंवा सासऱ्यांना पोळीशिवाय होत नसेल तर जा, लाज वाटून घेऊ नका. पण त्यांचे भाव स्थानिक जेवणाच्या पाच-सहापट आहेत आणि मसाला सगळीकडे एकच. ज्यांचा सगळा मुक्काम त्या बुफेत गेला, त्यांनी व्हिएतनामबद्दल मत देऊ नये एवढीच विनंती. समुद्री खाणाऱ्यांसाठी भावाचा सल्ला: किनाऱ्यावरच्या हॉटेलांत जिवंत मासळीच्या टाक्या असतात, भाव किलोचा असतो, वजन तुमच्यासमोर करून घ्या आणि शिजवणावळ वेगळी आहे का ते आधी विचारा.

फिरायला जायचं झालं तर सगळ्यात आधी चाम संग्रहालय, आणि हे मी हट्टानं सांगते, कारण पॅकेजच्या यादीत ते नसतं. आग ओकणाऱ्या ड्रॅगनच्या पुलाच्या पश्चिम टोकाला, रस्त्याच्या कडेला, पिवळट रंगाची बैठी फ्रेंच इमारत. बांधकाम 1915 मध्ये सुरू झालं, 1919 मध्ये लोकांसाठी उघडली. तिकीट दोनशे रुपयांच्या आसपास. चाम लोकांची राज्यं या किनाऱ्यावर हजारभर वर्षं होती, आणि त्यांचे राजे स्वतःला भद्रवर्मन, विक्रांतवर्मन, इंद्रवर्मन म्हणवत, शिलालेख संस्कृतात कोरत. आत शिरलात की नटराज, विष्णू, ब्रह्मा, नंदी, गरुड, सगळे वालुकाश्मातले, सगळ्यांचे चेहरे तिथल्या माणसांचे: जाड ओठ, रुंद नाक. त्यांतला ‘मी सोन’च्या ई-5 देवळातला (तिथली देवळं अशा अक्षर-आकड्यांनी ओळखतात) गणपती पाहाच. बसलेला नाही, चक्क उभा आहे. अंगापिंडानं भरलेला, एका हातातल्या वाटीत सोंड टेकवलेली. खजराण्याच्या गणपतीला नेमानं जाणारी आमची मावशी तिथे पोचली आणि तिनं चपला काढल्या. पहारेकरी बाईला काही कळेना. शेवटी तीही बाजूला सरकून उभी राहिली आणि मावशीचं अथर्वशीर्ष होईपर्यंत मागच्या शाळेच्या सहलीला तिनं थोपवून धरलं.

मग ‘मी सोन’ला जा, म्हणजे संग्रहालयात पाहिलेले देव कुठून आले ते कळेल. दा नांगपासून साधारण सत्तर किलोमीटर, डोंगरांच्या खोबणीत विटांची देवळं. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजानं इथे भद्रेश्वर नावाच्या शिवलिंगाची स्थापना केली, आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत राजे एकेक देऊळ वाढवत गेले. विटांमधला सांधा डोळ्यांना दिसत नाही, चुना नाही, सिमेंट नाही. ऑगस्ट 1969 मध्ये अमेरिकन विमानांनी इथे बॉम्ब टाकले आणि सगळ्यात मोठं, ए-1 देऊळ ढासळलं. गवतात खड्डे अजून आहेत. 1999 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. डागडुजीत आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा मोठा हात आहे; त्यांच्याच पथकाला 2020 मध्ये ए समूहात नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग मिळालं. पण ओंकारेश्वर-महेश्वरच्या अपेक्षेनं जाऊ नका. पूजा नाही, घंटा नाही, लिंगाला दोरी लावलेली असते. बेल न्यायचा विचार असेल तर तो घरीच ठेवा. निघायचं पहाटे, कारण नऊनंतर बसेस येतात, आणि दहानंतर त्या खोबणीत वारा थांबतो.

संगमरवरी डोंगर, न्गू हान्ह सोन, शहर आणि होई आनच्या मध्ये रस्त्यालगतच आहेत. पाच टेकड्या, पंचतत्त्वांची नावं (त्यांची तत्त्वं वेगळी: धातू, लाकूड, पाणी, अग्नी, पृथ्वी). पाण्याच्या, म्हणजे थुय सोन टेकडीवर चढतात. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट आहे. वरची हुयेन खोंग गुहा चुकवू नका: छतातल्या भोकांतून दुपारी ऊन आत पडतं. युद्धात ती गनिमी काव्यानं लढणाऱ्यांनी वापरली होती. पायथ्याशी मूर्तिकारांची दुकानं आहेत आणि विक्रेत्या मुली पाठ सोडत नाहीत. या डोंगरांतून दगड काढायला आता बंदी आहे, माल बाहेरून येतो. ‘याच डोंगराचा’ म्हणून सांगितलं तर हसून पुढे चला.

सोन त्रा द्वीपकल्पावर लिन्ह उंग पॅगोडा आणि 67 मीटर उंचीची शुभ्र अवलोकितेश्वराची स्त्रीरूपातली मूर्ती. तिकीट नाही. सकाळी लवकर गेलात तर वरच्या जंगलात तांबड्या पायांचे डूक लंगूर दिसू शकतात. त्यांना खायला घालायचं नाही. ड्रॅगन पूल 666 मीटरचा, शनिवार-रविवारी रात्री नऊला तोंडातून आधी आग, मग पाणी सोडतो. एकदा बघायला हरकत नाही. मुलांना तोंडाच्या अगदी खाली उभं केलंत तर ओली होतील, आणि त्यांना तेच हवं असतं.

बा ना हिल्स या डोंगरावरच्या करमणूक पार्कबद्दल मी वाईट बोलणार आहे. दगडासारख्या दिसणाऱ्या प्रचंड हातांनी तोललेला तो सोनेरी पूल 2018 चा, 150 मीटरचा, आणि फोटोत जितका रिकामा दिसतो तितका तो प्रत्यक्षात कधीच रिकामा नसतो. केबलकार मात्र जबरदस्त, खाली सलग जंगल. वर नकली फ्रेंच गाव, ढग, रांगा, बुफे. तिकीट 9-10 लाख दोंग, म्हणजे माणशी तीन हजारांच्या वर. चौघांचं कुटुंब असेल तर त्याच पैशात मी सोन, संगमरवरी डोंगर आणि होई आनची गाडी करून वर जेवण होतं. मुलं ऐकणार नसतील तर सकाळची पहिली केबलकार पकडा.

होई आनला सगळे संध्याकाळी जातात, कंदील बघायला. मी सकाळी सहाला जायला सांगते. पिवळ्या भिंती, लाकडी दारं, झाडलोट चाललेली, सायकलवरून भाजी जाते. जपानी पूल दुरुस्तीनंतर 2024 मध्ये पुन्हा उघडलाय आणि सकाळी सहाला तिथे तुम्ही एकटे असता. कंदीलही हवेतच असतील तर तिथेच एक रात्र राहा, म्हणजे दोन्ही होईल. शिंपी चोवीस तासांत कपडे शिवून देतात, पण चोवीस तासांचा कपडा आणि तीन दिवसांचा कपडा यांत शिवणीचा फरक दिसतो. वेळ असेल तर दुसरी फेरी मारून मापं नीट करून घ्या.

रेल्वेवेड्यांसाठी एक: दा नांग ते ह्वे गाडी हाय वान घाटाखालून समुद्राला चिकटून जाते. जाताना उजव्या हाताची खिडकी मागा. घाटाचा रस्ता एकवीस किलोमीटरचा, गाडी भाड्यानं करून जा. स्कूटरचा मोह पुष्कळांना होतो, पण भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ता वाहतुकीच्या 1949 च्या कराराखालचा, आणि व्हिएतनाम 1968 चा मानतं. दुकानदार हसत हसत स्कूटर देतो, अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. शहरात ग्रॅब या मोबाइल ॲपवरून दुचाकी बोलवा, हेल्मेट चालकच देतो.

पैशांत एकच जपायचं: 20 हजारांची नोट निळी आणि 5 लाखांचीही निळी. अंधारात टॅक्सीवाल्याला देण्याआधी शून्य मोजा. रोख जवळ ठेवा. जो तो क्यूआर दाखवतो, पण त्याला तिथल्या बँकेचं खातं लागतं. दुपारी साडेअकरा ते दीड बँकेत, दुकानात, कचेरीत कोणाला काही विचारू नका, माणसं टेबलाखाली चटई टाकून झोपलेली असतात. माझा दुपारचा वर्ग दोनच्या आधी कधीच भरत नाही.

आता तारखांचं. इंदूरची निम्मी मंडळी दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवतात, आणि तेच नेमकं करू नये. मध्य व्हिएतनामचा पाऊस आपला संपल्यावर सुरू होतो: सप्टेंबर ते डिसेंबर, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात वाईट. 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस होई आनची जुनी पेठ पुराच्या पाण्यात होती. तेत, म्हणजे तिथलं नववर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्ये येतं; त्या आठवड्यात खाणावळी बंद आणि कामगार गावाला. फेब्रुवारीअखेर ते मे उत्तम. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असतात हे मला ठाऊक आहे, मग परीक्षा झाल्या की एप्रिलच्या मधल्या दोन आठवड्यांत जा. 30 एप्रिल आणि 1 मे टाळा, त्या दोन राष्ट्रीय सुट्ट्या लागून येतात, हनोई-सायगावची माणसं समुद्रावर उतरतात आणि तीच खोली दुप्पट भावाला जाते.